ईथर शोधायला निघालेले प्रयोग: मायकेलसन-मोर्लीच्या आधीची पाऊणशे वर्षं आणि नंतरची वणवण

भिंगवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुतणी टीवायबीएस्सीला आहे, फिजिक्स घेऊन. परवा तिच्या नोट्स चाळत होतो तर मायकेलसन-मोर्लीचा १८८७ चा प्रयोग दीड पानात उरकलेला, आकृती, सूत्र, मग "निष्कर्ष: ईथर नाही", की लगेच आइन्स्टाइन सुरू. मी विचारलं की ईथर आहे असं मुळात लोकांना का वाटत होतं आणि १८८७ च्या आधी त्याला कुणी शोधलं होतं का? तिला सांगता येईना. तिची चूक नाही, मलाही कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. नंतर आपलं आपण वाचत गेलो तेव्हा कळलं की तो एका प्रयोगाचा मामला नव्हताच, पाऊणशे वर्षं चाललेला पेच होता, आणि पेच असा की प्रत्येक प्रयोग आपापल्या जागी चोख पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळत नाही. मला हे इतकं भारी वाटलं की लिहायलाच बसलो. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ईथर म्हणजे काय (पूर्वी ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरायचे ते नाही, ते रसायन). आवाजाला हवा लागते, लाटेला पाणी लागतं. १८०० च्या सुरुवातीला थॉमस यंगने प्रकाश लाटेसारखा वागतो हे दाखवलं, मग प्रश्न आलाच की लाट, पण कशातली? सूर्यापासून इथपर्यंत हवा तर नाही. म्हणून सगळीकडे भरून राहिलेलं एक माध्यम मानलं. पुढे प्रकाशाच्या लाटा आडव्या असतात हे कळलं तेव्हा अजून अवघड झालं, कारण आडवी लाट हवेतून किंवा पाण्याच्या पोटातून जात नाही, तिला घन पदार्थाचा ताठरपणा लागतो, आणि इथे तर सेकंदाला ३ लाख किमी वेग हवा म्हणजे ताठरपणा प्रचंड हवा, आणि तरीही त्यातून पृथ्वी न अडखळता फिरतेय. हे मानणारे लोक मूर्ख नव्हते, त्या काळातले सगळ्यात तल्लख लोक होते, त्यांना दुसरी वाटच दिसत नव्हती.

आता ब्रॅडली. १७२० च्या दशकात जेम्स ब्रॅडली इंग्लंडात गॅमा ड्रॅकोनिस हा तारा बघत होता आणि तो तारा वर्षभरात आपल्या जागेपासून साधारण २०.५ विकला (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) इकडेतिकडे सरकतो असं त्याला दिसलं. कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी पळतेय. पाऊस सरळ पडत असला तरी आपण भराभर चालायला लागलो की छत्री पुढे झुकवावी लागते, तशी दुर्बीण एवढीशी झुकवावी लागते. आता बघा, प्रकाश ईथरमधून येत असेल तर याचा अर्थ ईथर पृथ्वीबरोबर ओढलं जात नाही. आपल्या भोवतीची हवा पावसासकट आपल्याबरोबरच चालली असती तर छत्री झुकवायची वेळच आली नसती. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८१० ला पॅरिसमधे अरागोने दुर्बिणीपुढे लोलक लावला. पृथ्वी ज्या ताऱ्याकडे चाललीय त्याचा प्रकाश लोलकातून एका कोनात वळायला हवा आणि ज्याच्यापासून लांब चाललीय त्याचा वेगळ्या कोनात. काहीच फरक नाही. मग १८१८ ला फ्रेनेलने अरागोला पत्र लिहून तोडगा सुचवला: पारदर्शक वस्तू चालताना ईथर पूर्ण ओढत नाही, पण थोडंसं ओढते. किती, तर १ उणे (१ भागिले अपवर्तनांकाचा वर्ग). पाण्याला ०.४४ येतं. हवेला जवळपास शून्य, म्हणजे ब्रॅडलीला धक्का नाही.

आणि हे आकडे नुसते कागदावर राहिले नाहीत. १८५१ ला फिझोने दोन समांतर नळ्यांमधून पाणी उलटसुलट दिशांना सोडलं, वेग सेकंदाला ७ मीटरच्या आसपास, आणि एक किरण प्रवाहाबरोबर, दुसरा प्रवाहाविरुद्ध असे पाठवून पुन्हा एकत्र आणले. व्यतिकरणाचे पट्टे (दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की दिसणाऱ्या उजेड-अंधाराच्या रेघा) सरकले! आणि पाण्याने प्रकाशाला पूर्ण ओढलं असतं तर जेवढे सरकले असते त्याच्या साधारण निम्मे, म्हणजे फ्रेनेल सांगून गेला तेवढेच. वाहत्या पाण्याने प्रकाशाला अर्धवट ओढून नेलेलं त्या माणसाने डोळ्याने पाहिलं. १८७१ ला ग्रिनिचला एअरीने दुर्बिणीत पाणीच भरलं, पाण्यात प्रकाश हळू चालतो म्हणजे दुर्बीण जास्त झुकवावी लागेल असा हिशोब, पण विपथन (ब्रॅडलीने पाहिलेलं ते ताऱ्याचं सरकणं) तेवढंच राहिलं. फ्रेनेल पुन्हा बरोबर.

म्हणजे १८८० पर्यंत चित्र असं की ईथर स्थिर आहे, पृथ्वी त्यातून चाललीय, काच-पाणी त्याला जरासं ओढतात. आता फक्त त्या ईथरचा वारा, म्हणजे पृथ्वी त्यातून चालते म्हणून समोरून लागणारा, मोजायचा बाकी होता. तो भाग पुढच्या प्रतिसादात टाकतो.

सांगलीकर

मस्त धागा. मायकेलसनच्या प्रयोगाची (प्रकाशाचे दोन किरण काटकोनात पाठवून परत आणायचे आणि वेळेतला फरक बघायचा) नदीवाली उपमा मला अशी समजलीय, बरोबर आहे का सांगा. समजा कृष्णेत दोघं पोहणारे, दोघांचा वेग मिनिटाला ५० मीटर, नदीचा ३०. एक जण १०० मीटर वर जाऊन परत येतो. जाताना वेग २० म्हणजे ५ मिनिटं, येताना ८० म्हणजे सव्वा मिनिट, एकूण सव्वासहा. दुसरा १०० मीटर आडवा जाऊन परत येतो, त्याला प्रवाहाचा फायदा नाही तोटा नाही, २ आणि २ चार मिनिटं. म्हणजे फरक सव्वादोन मिनिटांचा. प्रकाशाचंही असंच, फरक मोजला की नदीचा म्हणजे ईथरचा वेग कळला.

प्रयोगवही

सांगलीकर, पहिला हिशोब बरोबर, दुसरा नाही. आडवा जाणारा सरळ समोर तोंड करून पोहला तर वाहत खाली जाईल ना, समोरच्या घाटावर पोचणारच नाही. त्याला थोडं वरच्या अंगाला तोंड करून पोहावं लागतं, म्हणजे ५० पैकी काही वेग प्रवाहाशी झगडण्यात जातो. ५०, ३० आणि उरलेला ४०, पायथागोरसचा त्रिकोण. म्हणून जायला अडीच, यायला अडीच, एकूण ५ मिनिटं. फरक सव्वा मिनिटाचा.

पण वाईट वाटून घेऊ नका, ही अगदी हीच चूक मायकेलसनने स्वतः केली होती. १८८१ च्या पहिल्या प्रयोगात त्याने आडव्या किरणावर ईथरच्या वाऱ्याचा काही परिणाम नाही असंच धरलं होतं. पॅरिसमधे आल्फ्रेड पोतिएने ते दाखवून दिलं, नंतर १८८६ ला लॉरेन्झने सगळं गणित तपासलं. प्रकाशाच्या बाबतीत ईथरचा वेग फारच कमी पडतो, तिथे या चुकीने अपेक्षित परिणाम बरोब्बर दुप्पट दिसतो. म्हणजे १८८१ च्या प्रयोगातून ठाम काही सांगता येत नव्हतं, म्हणून तर १८८७ चा करावा लागला. मी बीएस्सीला शिकवते, दरवर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांची इथेच गाडी अडते आणि मी त्यांना पोतिएचं नाव आवर्जून सांगते, कारण त्याचं नाव कुठल्याच नोट्समधे नसतं.

भिंगवाला

प्रयोगवही ताई, धन्यवाद, हे माझ्याकडून राहिलंच असतं. आता राहिलेला भाग.

मॅक्सवेलने १८७९ मधे, म्हणजे गेला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या डेव्हिड टॉड या खगोलवाल्याला पत्र लिहून गुरूच्या चंद्रांची ग्रहणं वापरून ईथरमधला वेग काढता येईल का विचारलं होतं. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत हे जमणार नाही असं त्याचं म्हणणं, कारण तिथे प्रकाश जाऊन परत येतो आणि परिणाम वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढा उरतो. ३० किमी भागिले ३ लाख किमी म्हणजे दहा हजारात एक. त्याचा वर्ग, दहा कोटीत एक. दहा कोटीत एक मोजायचं कसं? मायकेलसन तेव्हा पंचविशी ओलांडलेला, अमेरिकन नौदलातला, प्रकाशाचा वेग मोजून नाव झालेलं. त्याने ते पत्र वाचलं आणि त्याला वाटलं की जमेल.

एका किरणाचे अर्धवट चांदी चढवलेल्या काचेवर दोन भाग करायचे, काटकोनात पाठवायचे, आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र करायचे. दोघांच्या वेळेत एका लाटेच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी पट्टे सरकलेले कळतात. पैसे दिले ग्रॅहम बेलने, हो, टेलिफोनवाल्यानेच. उपकरण बर्लिनमधे बनलं आणि हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत मांडलं, पण रस्त्यावरच्या वाहतुकीच्या हादऱ्यांनी पट्टे ठरेनात, रात्री करून बघितलं तरी नाही. मग सगळं उचलून पोट्सडॅमच्या वेधशाळेत नेलं, तळघरासारख्या जागी. तिथेही शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्टे गायब! हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. किरणांचा मार्ग जेमतेम १.२ मीटर होता आणि सुधारलेल्या हिशोबाने पट्टा दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या ०.०४ एवढाच सरकायला हवा होता, ते हादऱ्यातच बुडून जाणार.

नंतर तो क्लीव्हलंडला आला आणि शेजारच्या कॉलेजातल्या एडवर्ड मोर्लीशी जोडी जमली. मोर्ली रसायनवाला, अतिशय काटेकोर, ऑक्सिजनचा अणुभार मोजण्यात वर्षानुवर्षं घालवणारा. दोघांनी आधी १८८६ ला फिझोचाच प्रयोग जास्त नीट केला आणि ०.४३४ आकडा काढला, फ्रेनेल पक्का. त्याच वर्षी मायकेलसनच्या कॉलेजच्या इमारतीला आग लागली आणि सगळं सामान मोर्लीकडच्या वसतिगृहाच्या तळघरात हलवलं.

आता १८८७ चं उपकरण डोळ्यासमोर आणा. विटांच्या पायावर बिडाची गोल पन्हळ, पन्हळीत पारा, पाऱ्यावर तरंगणारं लाकडी कडं, त्या कड्यावर दीड मीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड वालुकाश्माची चौकोनी शिळा. शिळेच्या चारही कोपऱ्यांवर चार-चार आरसे, किरण त्यांच्यात येरझाऱ्या घालून ११ मीटरचा रस्ता कापणार. एकदा हलकं ढकललं की शिळा सहा मिनिटांत एक फेरी या वेगाने फिरत राहायची, ती थांबवायची नाही. मायकेलसन डोळा नळीला लावून तिच्याबरोबर गोल चालणार, प्रत्येक फेरीत १६ ठिकाणी पट्ट्याची जागा तोंडाने सांगणार आणि मोर्ली लिहून घेणार. जुलैच्या ८, ९, ११ आणि १२ तारखा, काही फेऱ्या दुपारी, काही संध्याकाळी, सगळ्या मिळून ३६. पट्टा ०.४ सरकायला हवा होता. त्यांनी लिहिलं की सरकला तो नक्कीच याच्या विसाव्या भागापेक्षा कमी, बहुधा चाळिसाव्या भागापेक्षाही कमी.

दर तीन महिन्यांनी पुन्हा करू, म्हणजे पृथ्वीची दिशा बदलल्यावर काय होतं कळेल, असं ठरवलं होतं. ते त्यांनी केलंच नाही. मला याची फार हळहळ वाटते.

प्रयोगवही

भिंगवाला, त्या पाय आपटण्याचं मी रोज बघते. आमच्या डार्करूममधे मायकेलसनचा इंटरफेरोमीटर (किरण फोडून पुन्हा जुळवायचं तेच उपकरण) कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवलाय, सोडियमचा दिवा तापून पिवळा व्हायला दहा मिनिटं लागतात, मग आरशामागचे स्क्रू फिरवत फिरवत एकदाचे गोल पट्टे दिसतात आणि बाहेर कॉरिडॉरमधून वर्ग सुटला की सगळे थरथरायला लागतात, मोजणारी पोरं श्वास रोखून बसतात. अजून एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला करायला लावते: एका आरशाकडे जाणाऱ्या किरणाच्या खाली नुसता तळहात धरा, उपकरणाला हात लावायचा नाही. अर्ध्या मिनिटात त्या बाजूचे पट्टे वाकायला लागतात, जणू कुणीतरी मधेच बोट घातलंय. हाताच्या उबेने हवा विरळ होते आणि प्रकाशाचा रस्ता एवढासा बदलतो, बस तेवढंच. हे ज्याने बघितलं त्याला मायकेलसनने आडदांड शिळा आणि पारा का वापरला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक_शंका

मधेच विचारतो, आपल्या पंचमहाभूतांमधलं आकाश म्हणजेच ईथर ना? बऱ्याच ठिकाणी तसं वाचलंय. मग आपल्याकडे हे आधीच माहीत होतं का?

जुना_वाचक

एक_शंका, इंग्रजीत आकाशाचं भाषांतर ईथर असं केलं गेलं त्यामुळे हा घोळ होतो. न्याय-वैशेषिकांमधे (आपल्या जुन्या दर्शनांपैकी दोन) आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, सांगितलाय. प्रकाश-रूप हे तेजाकडे जातं. म्हणजे त्या मांडणीतलं आकाश प्रकाश वाहून नेणारं नाहीच, आवाजाशी जोडलेलं आहे. त्यांचा प्रश्नच निराळा होता, जगात कुठले गुण आहेत आणि ते कशाच्या आधारावर राहतात हा. फ्रेनेलचं ईथर पट्टा किती सरकेल याचा आकडा देतं, म्हणून तर ते प्रयोगात पकडता आलं. दोन्ही आपापल्या जागी वाचावं, एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवलं की दोन्ही नीट कळत नाहीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिखटमीठ

मला एक अडतंय. पृथ्वी आपल्याभोवतीचं ईथर पूर्ण ओढून नेत असेल तर तळघरात वारा लागणारच नाही, उत्तर शून्यच येणार. मग "ईथर नाही" असं कसं म्हणायचं? फार तर "ईथर ओढलं जातं" एवढंच सिद्ध झालं ना.

भिंगवाला

तिखटमीठ, याच प्रश्नाची वाट बघत होतो. १८८७ ला त्यांनी "ईथर नाही" असं म्हटलंच नव्हतं! १८८१ ला मायकेलसनचा निष्कर्ष होता की स्थिर ईथरची कल्पना चूक आहे. आणि पूर्ण ओढलं जाणारं ईथर ही कल्पना स्टोक्सने १८४५ लाच मांडली होती. पण आता वरचा छत्रीवाला परिच्छेद आठवा. पूर्ण ओढलं जात असेल तर ब्रॅडलीचा तारा सरकायला नको, आणि तो तर दरवर्षी सरकतोय. स्टोक्सने गणित करून दोन्ही जुळवायचा प्रयत्न केला पण त्यासाठी ईथरवर ज्या अटी घालाव्या लागतात त्या एकमेकींशी पटत नाहीत, हे लॉरेन्झने दाखवलं.

वर ऑलिव्हर लॉजने लिव्हरपूलला थेट तेच तपासलं. तीन फूट व्यासाच्या दोन पोलादी तबकड्या, मधे इंचभर फट, दोन्ही प्रचंड वेगाने फिरवायच्या आणि फटीतून प्रकाश उलटसुलट फिरवून बघायचं की तबकड्या ईथरला जरा तरी ओढतात का. नाही ओढत.

म्हणजे ताऱ्याला विचारलं तर ईथर थांबलेलं, फिझोच्या पाण्याला विचारलं तर अर्धवट ओढलेलं, क्लीव्हलंडच्या शिळेला विचारलं तर पूर्ण ओढलेलं आणि लॉजच्या तबकड्यांना विचारलं तर अजिबात न ओढलेलं. चारही साक्षीदार खरे बोलतायत! मग १८८९ ला फिट्झगेराल्डने आणि १८९२ ला स्वतंत्रपणे लॉरेन्झने म्हटलं की ईथरमधून चालताना वस्तूच चालण्याच्या दिशेने एवढीशी आखडते, पृथ्वीच्या वेगाला लांबीच्या वीस कोटीत एक भाग, आणि नेमका तोच फरक झाकला जातो. नोट्समधे याला पळवाट म्हटलेलं असतं, मला ते पटत नाही. त्यांनी प्रयोगावर पूर्ण विश्वास ठेवला आणि प्रयोग सांगतोय म्हणून दगडाची लांबी बदलते असं म्हणायची हिंमत केली.

रात्रपाळी

डेटन मिलरबद्दल कुणीच बोललं नाही? त्याने माउंट विल्सनवर १९२० च्या दशकात वर्षानुवर्षं हाच प्रयोग केला, हजारो फेऱ्या, आणि त्याला सेकंदाला १० किमीच्या आसपास ईथरचा वारा मिळाला. ते दाबलं गेलं असं नेटवर वाचलंय.

प्रयोगवही

रात्रपाळी, दाबलं वगैरे नाही. मिलर मोर्लीबरोबर काम केलेला माणूस, त्याचं सगळं १९३३ ला मोठ्या लेखात छापून आलं आणि मोठमोठ्या लोकांनी ते गांभीर्याने घेतलं. "देव चतुर आहे पण कपटी नाही" हे आइन्स्टाइनचं वाक्य १९२१ ला मिलरच्या निकालाची कुणकुण लागल्यावरच आलं. पण बाकीच्यांनी केलं तेव्हा वारा सापडेना, जर्मनीत येनाला जूसने १९३० ला केलेल्या प्रयोगात मर्यादा सेकंदाला दीड किमीच्या खाली गेली. शेवटी १९५५ ला शँकलंड आणि सहकाऱ्यांनी मिलरच्याच वह्या पुन्हा तपासल्या आणि दाखवलं की ती सरक खोलीतल्या तापमानाच्या फरकाशी जुळते. वर तळहाताचं सांगितलं ना, तेच, फक्त हाताच्या जागी भिंत आणि छप्पर. मिलरबद्दल मला मनापासून आदर आहे, एवढ्या चिकाटीने डोंगरावर मोजत राहणं सोपं नाही.

जुना_वाचक

थोडी भर. सापेक्षता मांडणाऱ्या १९०५ च्या लेखात आइन्स्टाइनने मायकेलसनचं नावही घेतलेलं नाही, ईथरमधली पृथ्वीची गती पकडायचे फसलेले प्रयत्न एवढाच मोघम उल्लेख आहे. उतारवयात शँकलंडशी बोलताना त्याने सांगितलं की त्याच्यावर जास्त परिणाम झाला तो ताऱ्यांच्या विपथनाचा आणि फिझोच्या वाहत्या पाण्याचा, तेवढं पुरेसं होतं. आणि १९०७ ला लाऊएने दाखवलं की फ्रेनेलचं ते ०.४४ सापेक्षतेतल्या वेगांच्या बेरजेतून आपोआप पडतं, काहीही न ओढता. म्हणजे ८९ वर्षं बरोबर उत्तर देणारं सूत्र, फक्त त्यामागचं कारण निराळं निघालं. भिंगवाला, तुमच्या पुतणीला ही बेरीज स्वतः करायला सांगा, चार ओळींत येते.

नागनाथकडचा

मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा नागनाथच्या बाजूचा. आमच्याकडे लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा) होतंय, २०२३ ला केंद्राने मंजुरी दिली. दोन भुजा, प्रत्येकी ४ किमी, काटकोनात. हा धागा वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की ते म्हणजे मायकेलसनचंच उपकरण, किरण फोडायचा, काटकोनात पाठवायचा, परत आणून जुळवायचा. गावात लोक विचारतात की एवढी लांबलचक पोकळ नळी कशाला, आता सांगता येईल. हादऱ्यांचा प्रश्न तिथेही असणार ना?

भिंगवाला

हो, तिथे तर तोच मुख्य शत्रू. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पकडली तेव्हा ४ किमीच्या भुजेतला बदल प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. आरसे काचेच्या धाग्यांवर टांगलेले असतात, लंबकाखाली लंबक असे, आणि नळीतून हवा काढून टाकलेली, म्हणजे तळहाताचा प्रश्नच उरत नाही. पाऱ्यावरच्या शिळेची जागा आता टांगलेल्या आरशांनी घेतलीय.

सांगलीकर

प्रयोगवही ताई, पायथागोरस डोक्यात पक्का बसला, धन्यवाद. शेवटचा प्रश्न, मायकेलसनने १८८७ ला मोजताना सोडियम न वापरता पांढरा प्रकाश वापरला असं वाचलं. पिवळे पट्टे जास्त स्वच्छ दिसतात ना, मग का?

प्रयोगवही

सांगलीकर, कारण सोडियमचे सगळे पट्टे सारखेच दिसतात. मधेच धक्का बसून पट्टे एक घर सरकले तर तुम्हाला कळणारही नाही की आता बघतोय तो कालचाच का शेजारचा. पांढऱ्या प्रकाशात मोजकेच पट्टे मिळतात, मधला सगळ्यात ठळक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कडा, त्यामुळे मधला कधी हरवत नाही. फक्त तो सापडायला फार कठीण, दोन्ही रस्ते लाटेच्या काही पटींपर्यंत सारखे जुळवावे लागतात, म्हणून आधी सोडियमवर जुळवायचं आणि मग दिवा बदलायचा, त्यांनीही तसंच केलं होतं. आमच्याकडे प्रॅक्टिकलला हा भाग वेळ नाही म्हणून कायम सोडून देतात. सोमवारी तिसरी बॅच आहे, साधा बल्ब घेऊन जाते, मिळाला मधला पट्टा तर इथे फोटो टाकते.